आधी कागदावर

स्वयंपाकघरात ठण्णकन काहीतरी पडलं, गरगरत लांब गेलं आणि भिंतीला आपटून गप्प झालं.

दुपारचे अडीच वाजले होते. उचगावातल्या त्या घरात अडीच ते साडेतीन हा एकच तास असा होता, की कुणाला कुणाकडून काही नको असायचं. साक्षी बालवाडीतून येऊन, निम्मी चपाती हातात तशीच धरून झोपली होती. तिचा बाप कृष्णात कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेला होता. मागं गोठ्यात म्हैस रवंथ करत पडली होती. आणि क्रांती भिंतीला पाठ लावून, गुडघ्यावर वही घेऊन, स्वतःचा डावा हात काढत बसली होती. आवाजासरशी तिची पेन्सिल करंगळीवरून घसरली ती थेट मनगटापर्यंत गेली. तिनं आधी साक्षीकडं बघितलं. पोरगी हलली नाही. मग ती पाय न वाजवता आत गेली.

तानाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. दुधाच्या किटलीचं झाकण कोपऱ्यात पालथं पडलं होतं.

“काय पडलं, आत्ती?”

“मांजर हुतं,” सासूबाई म्हणाल्या.

खिडकी बंद होती. मागच्या दाराला कडी होती. तानाबाईंनी वाकून डाव्या हातानं झाकण उचललं, डाव्या हातानंच किटलीवर बसवलं. उजवा हात पदराखाली होता, आणि एप्रिलच्या उन्हात पदर एवढा लपेटून घ्यायचं काही कारण नव्हतं.

क्रांतीनं कडीकडं एकदा बघितलं. पण लग्नाला सात वर्षं झाली होती आणि या बाईला खोटं बोलताना तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. तेही कशासाठी, तर एका झाकणासाठी! जी बाई एवढ्याशा गोष्टीला मांजर पुढं करते, ती मागं काहीतरी मोठं दडवून ठेवते, असं क्रांतीच्या मनानं घेतलं, आणि एकदा घेतलं ते घेतलं.

हातांचा नाद तिला शाळेपासूनचा. नाद कसला, भीतीच. दहावीच्या आधी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘आठवडी बाजार’ काढायचा होता. क्रांतीनं बाजार झकास भरवला. सत्तावीस माणसं, दोन बैल, एक कुत्रं. पण माणसाचा हात काही तिला जमायचा नाही, म्हणून तिनं एकाचाही हात दिसू दिला नव्हता. कुणाचे पाठीमागं, कुणाचे खिशात, भाजीवालीचे टोपलीत खुपसलेले. चित्रकलेचे हुपरीकर सर कागद बघून म्हणाले होते, “पोरी, तुझा बाजार बघून वाटतंय समदे चोर हायत. पोलिसाला भिऊन उभे हायत.”

तेच हुपरीकर सर आता निवृत्त होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप चालवत होते. नियम चार. रोज एक हात काढायचा. समोर बघून काढायचा, मनचा नाही. खोडरबर शिवायचा नाही. खाली तारीख टाकायची. एक जानेवारीला क्रांतीनं पहिला हात काढला तेव्हा तो वांग्यासारखा आला होता, वर पाच देठ. तरी तिनं तारीख टाकली. पोरीच्या मागं धावण्यात, भांड्यात, धुण्यात दिवस जायचा, पण तो अर्धा तास तिनं कुणाला दिला नाही. आजचा तिचा एकशे चौदावा हात होता.

घरात हात तसे कमीच. कृष्णातचा हात मोबाईलशिवाय सापडत नसे. साक्षीचा काढायचा म्हणजे उडत्या चिमणीचं माप घ्यायचं. उरल्या तानाबाई. सांजच्याला म्हशीच्या धारा काढून झाल्या, की त्या मागच्या पायरीवर बसायच्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून द्यायच्या, एखादं जड ओझं उतरून ठेवावं तसे. वीस मिनिटं ते हात जागचे हलायचे नाहीत. सुरुवातीला त्या लाजल्या होत्या. “माझा कशाला काढतीस गं, शेणामुताचा हात? एखाद्या मॅडमचा काढ की.” मग मात्र सवय झाली. पुढं पुढं तर त्या पायरीवर बसल्या की आपणच विचारायच्या, “आज उजवा का डावा?” बहुतेक वेळा उजवाच असायचा. चाळीस वर्षं धारा काढलेला तो हात. मूठ वळली की अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, हाताच्या पाठीवर, लिंबाएवढा फुगवटा वर यायचा. त्या फुगवट्यावर सावली कशी टाकायची हे शिकायलाच क्रांतीला पंधरा दिवस लागले होते.

पण झाकण पडलं त्या दिवसाच्या आधी आठवडाभर तानाबाई पायरीवर बसतच नव्हत्या. धारा काढल्या, बादली ठेवली, की सरळ आत. “गुडघं दुखत्यात.” गुडघे दुखणारं माणूस उलट बसतं, हे क्रांतीला कळत होतं. तिनं मग आपलाच डावा हात काढायला घेतला.

त्यात दुधाचं निघालं. मार्चपासून म्हैस वेळेला अर्धा लिटर, मग लिटर, मग दीड लिटर कमी द्यायला लागली. आधी पेंडेवर संशय घेतला, पेंड बदलली. मग रेडकावर घेतला, त्याला लांब बांधलं. “पान्हा चोरतीया,” तानाबाई म्हणायच्या, आणि म्हशीकडं असं बघायच्या की म्हशीनं मान खाली घालावी. शेजारची मोना रोज अर्धा लिटर रतीब न्यायची. तिनं एक दिवस दारातच विचारलं, “काकू, साय धरंना झालीया हो दुधावर. म्हस बदललीसा का पाणी?”

“पाणी तुझ्या नळाला तरी येतंय का बघ आधी,” तानाबाई म्हणाल्या. मोना हसत गेली. पण दार लावताना तानाबाईंनी क्रांतीला विचारलं, “दुपारच्याला कोण येतंय गं घरात?”

“दुपारी कोण येणार?”

“न्हाय, आपलं इचारलं. म्या गोठ्यात असतो, तू वहीत असतीस. किटली उघडीच असती.”

त्यांच्या पिढीच्या बायका ‘असतो’, ‘जातो’ असंच म्हणायच्या, त्याचं क्रांतीला काही नव्हतं. पण हे बोलणं तिच्या वर्मी लागलं. म्हणजे आपण दूध कुणाला तरी देतो? का पोरीला चोरून पाजतो? घरच्या म्हशीचं दूध पोरीला पाजायला चोरी कशाला हवी? तिनं त्या संध्याकाळी भाकरी जरा जोरातच थापल्या. आणि मग तिचंही मन उलट फिरलं. किटलीचं झाकण त्या दुपारी उघडं होतं कुणासाठी? आत्तीच तर दूध कुणाला नेऊन देत नाहीत? मग हात कशाला लपवतात? एक संशय दुसऱ्याला जन्म देत होता आणि सगळे दुधावर वाढत होते.

शनिवारी तिची वही ठेवली होती तशी नव्हती. टीव्हीच्या मागं, पाठ भिंतीकडं करून ती ठेवायची. ती उलटी निघाली. आत, मार्च महिन्याच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा मळकट ठसा उमटला होता.

तिनं कृष्णातला विचारलं. तो नुकताच येऊन पाय धुवत होता. “मी कशाला बघू? बोटंच की ती. माझी मला हायत दहा.”

“मग कोण बघणार?”

“साक्षी आसंल.”

साक्षीचा अंगठा त्या ठशाच्या निम्मासुद्धा नव्हता.

रविवारी हुपरीकर सरांचा आवाजी निरोप आला. ते दर रविवारी एकेकाच्या हातांबद्दल बोलायचे. क्रांतीनं साक्षीला खाली दाण्याची वाटी देऊन बसवलं आणि फोन कानाला लावला. “क्रांती, रेघ सुधारली. बोटांत हाड दिसायला लागलंय. पण एक चूक तू सारखी करतीयास. सासूबाईंचा म्हणून जो हात पाठवतीस, त्यात अंगठ्याशेजारचं मांस तू खाल्लंस. एप्रिलच्या हातात तर तिथं खड्डाच पाडलायस. कष्टाच्या माणसाला तिथं खड्डा नसतो, उलटं फुगलेलं असतं. तू मनानं सावली टाकतीयास. बघून काढ, पोरी, आठवून नको.”

क्रांतीला राग आला. आठवून काढलेला एकही हात त्या वहीत नव्हता. पण राग शिळा झाल्यावर शंका आली. आपलाच डोळा फसतोय का? सावली करायची हौस वाढली म्हणून आपण खड्डा करतोय का? तपासायचं तर हात बघायला हवा, आणि हात तर पदराखाली.

म्हणून ती सांजच्याला गोठ्याच्या खिडकीशी उभी राहिली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सासूवर पाळत ठेवून. तिचं तिलाच वंगाळ वाटत होतं. पण ती हलली नाही.

तानाबाईंच्या धारा तिनं शेकडो वेळा ऐकल्या होत्या. मूठ भरून पिळायच्या त्या, आणि बादलीत असा आवाज व्हायचा, की समोरच्या गल्लीतल्या पोरांना कळायचं. आज आवाज कापरा होता. चिरीक्‌, थांबा, चिरीक्‌. सासूबाई डाव्या मुठीनं पिळत होत्या, आणि उजव्या हाताची नुसती चिमूट करून सड ओढत होत्या. म्हैस पाय आपटत होती. तिला चिमटीची सवय नव्हती. मधेच तानाबाईंनी उजवा हात झटकला, उजेडाकडं धरला, उलटा-सुलटा करून बघितला. मावळतीच्या तिरप्या उजेडात क्रांतीला तो लख्ख दिसला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, जिथं लिंबाएवढा फुगवटा यायचा, तिथं खळगा होता. सुपारी ठेवली तर राहील एवढा.

म्हैस काही चोरत नव्हती. पिळायचं बळच हातात नव्हतं, आणि शेवटचं सायीचं दूध सडातच राहत होतं.

क्रांती आत गेली आणि वही पहिल्यापासून उलटत गेली. तानाबाईंचे त्यात सत्तरेक हात होते. जानेवारीतले वांग्यासारखे, वेडेवाकडे, पण भरलेले. फेब्रुवारीच्या शेवटी अंगठ्याशेजारी एक बारीक रेघ आली होती, तिलासुद्धा ती का काढली ते आठवत नव्हतं. मार्चमध्ये रेघेची सावली झाली. एप्रिलमध्ये सावलीचा खड्डा. तिला वाटलं होतं आपला हात सुधारतोय.

“आत्ती, हात दावा.”

बादली खाली ठेवायच्या आतच तिनं विचारलं. तानाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या हातातल्या वहीकडं बघितलं.

“कशाला? वहीत न्हाईत व्हय? पोतंभर हायत की.”

“वही तुम्ही बघितलीसा.”

“बघितली. माझा हात हाय. म्या न्हाय बघायचा तर कुणी, मोनानं?” त्यांनी बादली ठेवली. “आन् बघितलं ते बरं झालं. मला कळलं तरी काय झालंय ते.”

“काय झालंय?”

“तू काढून काढून तर ह्यो हात असा झालाय.”

कृष्णात चहाचा कप घेऊन दारात आला होता, तो तिथंच थांबला. “काय म्हणालीस, आई?”

“तुला न्हाय, तिला म्हणतोय.” तानाबाईंनी पहिल्यांदाच उजवा हात पदराबाहेर काढला आणि दोघांच्या मधे धरला. “ही बघ जानेवारीची पानं. हात कसा भरल्याला हाय. मागनं मागनं वाळत गेलाय का न्हाय? मार्चच्या पानावर खड्डा धराय लागलाय. मार्चात मला काय बी होत नव्हतं. पार एप्रिलात, जयंतीला शंभर माणसांची खीर ढवळली या हातानं, बोट सुदिक दुखलं न्हाय. खड्डा आधी कागदावर पडला, मागनं हाताला. आता सांग.”

कृष्णात हसला. हसायला नको होतं, पण हसला. “आई, कुणी गोठ्याला लिंबू-मिरची बांधली तर तिची चटणी वाटून खाणारी बाई तू! मला ताप आला तर देवऋष्याला दारातनं हाकलल्याली तू!”

“ती लिंबू-मिरची हुती. ह्ये माझं हाड हाय.”

“मग फोटो काढल्यावर वाळत न्हाय का माणूस?”

“फोटो मोबाईल काढतोय. त्यो काय बघत न्हाय. ही रोज अर्धा-अर्धा तास टक लावून बसती. एवढं तर म्या माझ्या लेकराकडं बघितलं न्हाय कवा.” मग त्यांचा आवाज उतरला. “मी असलं काय मानत न्हाय, क्रांती. तुलाबी ठावं हाय. पर डोळ्यांला दिसतंय त्येचं काय करू?”

बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती होती. तानाबाई रोज सकाळी तिथं वंदना म्हणायच्या, आणि वंदना झाल्यावर साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात अंगारेवाल्यांची हजेरी घ्यायच्या. त्या खोलीकडं त्यांनी आत्ता पाठ केली होती.

क्रांतीला सांगता आलं असतं, की डोळ्यानं रोज बघितलेलं बदलताना कळत नाही, कागदावर मात्र राहतं. तिनं सांगितलंही. पण सांगताना तिच्या लक्षात आलं, की फेब्रुवारीतली ती पहिली रेघ आपण बघून काढली का अशीच ओढली, हे आपल्याला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

“डॉक्टरला दावू, आत्ती. उद्याच्या उद्या.”

“पंधरा दिस थांब. पंधरा दिस तू हात काढू नगंस. माझा न्हाय, कुणाचाच न्हाय. भरला तर भरला. न्हाय भरला तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो.”

“आणि तोवर वाढलं तर?”

“तू काढायची थांबल्यावर कसं वाढंल?”

क्रांतीनं वही कपाटावर, रजयांच्या वर टाकली. एकशे वीस हातांची साखळी तुटली. ग्रुपवर सरांनी विचारलं, “कुठं हायस?” तिनं उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? सासूचा हात वाळला म्हणून?

पंधरा दिवस ती दुपारी अडीच ते साडेतीन नुसती बसून राहिली. पेन्सिल नव्हती, पण डोळा थांबत नव्हता. तानाबाई ताट पुढं ओढायच्या, तेवढ्यात खळग्याची सावली मोजून व्हायची. एकदा त्यांनी पकडलं. “बघूबी नगंस म्हटलं तर?”

“डोळे काय कपाटावर टाकू?”

“टाक की. रजया हायतच.”

दोघी हसल्या, आणि हसून झाल्यावर दोघींनी एकमेकींकडं जरा जपूनच बघितलं.

पंधराव्या दिवशी सकाळी तानाबाईंनी चहा पिताना उजवा हात टेबलावर ठेवला. “भरल्यागत वाटतोय की.”

“मला नाही वाटत.”

“तुला न्हाईच वाटणार. कृष्णा, तू सांग.”

कृष्णातनं हात हातात घेतला, दाबला, उजेडात नेला. त्याला खरंच सांगायचं होतं. “मला काय कळंना झालंय, आई. आधी कसा हुता त्येच आठवंना.”

तो बोलून गेला, आणि तानाबाईंनी हात मागं घेतला. तिथं खरी मेख होती. चाळीस वर्षांचा हात, आणि महिन्यापूर्वी तो कसा होता हे त्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. तानाबाईंनासुद्धा. सांगणारी एकच वस्तू कपाटावर, रजयांच्या वर पडली होती. हात भरला का वाळला ते कळायचं तर पुन्हा काढायला हवा. आणि काढायचा तर मग पंधरा दिवस कशाला पाळले?

संध्याकाळी धारा झाल्यावर तानाबाई स्टुलावर चढल्या आणि डाव्या हातानं वही खाली काढली. मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. किती दिवसांनी बसल्या.

“ये. काढ. एकच.”

क्रांती समोर बसली. पेन्सिलीला टोक होतं तरी तिनं पुन्हा केलं.

“आन् ऐक,” तानाबाई म्हणाल्या. “खोटा काढू नगंस.”

“मी खोटा काढीन असं वाटतंय तुम्हाला?”

“डॉक्टरकडं न्यायचं म्हणून खड्डा वाढवशील. न्हायतर माझी दया आली म्हणून बुजवशील. दोन्ही नगं. हाय त्यो काढ.”

क्रांतीला वाटलं होतं राग येईल. आला नाही. कारण दोन्ही गोष्टी तिच्या मनात येऊन गेल्या होत्या, याच क्रमानं. सासूचा डोळाही काही कमी नव्हता.

तिनं मनगटापासून सुरुवात केली. हाडाची उभारी, मग शिरा, मग बोटांची पेरं. अंगठ्यापाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. वर तानाबाई वहीकडं बघत नव्हत्या. त्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिनं सावली टाकली. जेवढी होती तेवढी. खालून वर, हलक्या रेघांनी, एकीवर एक. सावली संपायला हवी होती तिथं संपेना. एप्रिलमध्ये एकच खळगा होता. आता करंगळीकडच्या बोटांच्या मधेही हाडं वर आली होती, आणि मधली जागा खाली गेली होती. हे तिनं आजवर बघितलं नव्हतं. काढताना दिसलं.

तिनं तारीख टाकली आणि वही वळवून दिली.

तानाबाईंनी ती गुडघ्यावर ठेवली. शेजारी हात ठेवला. मग एकेक करून पानं मागं नेली, जानेवारीपर्यंत, त्या वांग्यासारख्या हातापर्यंत. खूप वेळ त्या तो बेढब हात बघत राहिल्या.

“ह्यो चांगला हुता गं,” त्या म्हणाल्या. मग वही मिटली. “चल. उद्या जाऊ.”

शहरात, राजारामपुरीत नसांच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी एक कोरा कागद तानाबाईंच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधे दिला. “घट्ट धरा, मावशी. मी ओढते.” कागद सुळकन निघून आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. तानाबाईंनी दात आवळले होते.

“कधीपासून आहे हे?”

“आठ-पंधरा दिस,” तानाबाई म्हणाल्या.

क्रांतीनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीण बाईंना आधी कळेना. मग त्यांनी चष्मा लावला आणि तारखा वाचत गेल्या. फेब्रुवारीच्या पानाशी थांबल्या. “हे कुणी काढलं? रोज काढलं?” त्यांनी काही पानांचे फोटो घेतले. मग म्हणाल्या, कोपराशी नस दाबली गेली असेल, मानेत दाबली असेल, आणखीही काही असू शकतं. गुरुवारी नसांची तपासणी करू, त्याआधी मी काही सांगणार नाही. मग त्यांनी डावा हात मागितला. तो त्यांनी उजव्यापेक्षा जरा जास्तच वेळ बघितला.

“घरात आणखी कुणाला असं झालंय? आईला, भावाला?”

तानाबाई दाराकडं बघत राहिल्या. “थोरल्या भावाचा हात वाळला हुता. लई वर्सं झाली. लोकं म्हणायची करणी. म्हणू दे. आम्ही मानलं न्हाय.”

डॉक्टरीण बाईंनी ते लिहून घेतलं. क्रांतीनं त्यांची लेखणी चालताना बघितली. भाऊ. त्याच्या खाली रेघ.

परत येताना वडापच्या जीपमध्ये तानाबाई तिच्या खांद्याला लागून बसल्या होत्या. तावडे हॉटेलचा चौक गेल्यावर त्या म्हणाल्या, “सोडू नगंस आता. काढत जा.”

“खरंच?”

“रोज. तारीख टाकून. त्या बाईनं बघितलं ना, कशी बघत हुती.” मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, “तरी पण सुरुवात कागदावर झाली, ह्ये काय माझ्या मनातनं जात न्हाय बघ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता क्रांतीनं वही उघडली. बालवाडीला सुट्टी लागली होती, साक्षी झोपायला तयार नव्हती. ती येऊन आईच्या मांडीला टेकली, पानावर आपला उजवा हात पालथा ठेवला, आणि बोटं पसरली.

“आज माझा.”

“आज्जीचा काढायचाय.”

“आज्जीचा रोज काढतीस. माझा काढ की. मी हलणार न्हाय.”

आणि ती खरंच हलली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा तो हात जागेवर थांबला होता. गोरटेला, मऊ, बोटांच्या मुळाशी चार खळ्या. क्रांतीनं पेन्सिल उचलली आणि सवयीनं नजर मनगटावरून वर चढवली. हाड, शीर, पेर. अंगठ्यापाशी ती थांबली. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे खिडकीतला उजेड तिरपा पडला होता, आणि त्या उजेडाच्या कडेला एक बारीकशी सावली होती. का नव्हती? तिनं मान तिरपी केली. सावली हलली. तिनं मान सरळ केली.

पेन्सिलीचं टोक कागदाच्या वर, केसभर अंतरावर थांबलं होतं.

साक्षीनं हात तसाच ठेवून मान वर केली आणि आईच्या तोंडाकडं बघितलं.

“आई, काय दिसलं गं तुला?”